पूनमच्या लग्नातले वायरलेस दिवे

माझ्या मेहुणीच्या लग्नाच्या प्रत्येक फोटोत तिच्यामागे पाण्याचे जार आहेत. त्याला जबाबदार मी आहे.

जळगावला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्या वर्षी मी घरच्या गणपतीसमोर गाण्याच्या तालावर रंग बदलणारे दिवे लावले. सगळी गल्ली बघायला आली (निम्मी प्रसादाला आली, असं बायकोचं मत). धुळ्याहून आलेली मेहुणी, पूनम, तर हरखूनच गेली. "जिजाजी, माझ्या लग्नात असंच पाहिजे! मी मांडवात येताना सगळीकडे अंधार, आणि मग माझ्यापुढे हळूहळू सोनेरी उजेड. कराल ना?"

"कराल ना म्हणजे? झालंच समज!"

इथेच मला कुणीतरी अडवायला हवं होतं. बायकोनं, शुभांगीनं, अडवलंही. "नाना लाइटवाला सांगताहेत ना? तुम्ही फेटा बांधून मिरवा की!" पण जावयाला मिरवायला नुसता फेटा पुरत नाही. मी सासऱ्यांना, म्हणजे नानांना, फोन करून लाइटवाला रद्द करायला लावला.

बेत असा होता. कोणता दिवा कधी आणि कोणत्या रंगात लागेल, ते लॅपटॉपवर आधीच बसवायचं. लॅपटॉपला एक ट्रान्समीटर, प्रत्येक दिव्याला एक रिसीव्हर. हुकूम हवेतून जाणार. याला वायरलेस डीएमएक्स म्हणतात. (नानांना मी हे फोनवर सविस्तर समजावलं. ते म्हणाले, "जेवण झालं का?") आपल्या दिव्यांनी दुसऱ्याचा हुकूम ऐकू नये म्हणून या यंत्रांवर बटण दाबून एक रंग निवडायचा असतो. ट्रान्समीटर आणि रिसीव्हरचा रंग एक, की सूत जुळलं. मी लाल निवडला. शुभ असतो!

जळगावच्या गच्चीवर सगळं झकास चाललं.

धुळ्याचं लॉन ऐसपैस होतं. भिंतीपलीकडे दुसरं लॉन, तिथेही लग्न. आमचं स्टेज त्या भिंतीला टेकून. मी मात्र पार दुसऱ्या टोकाला, गेटजवळ टेबल मांडलं. जवळ बसलो तर वायरलेसचा रुबाब काय राहिला? रावेरहून आलेल्या नवरदेवाच्या आजोबांना मी म्हटलंही, "बघा आबा, एकसुद्धा वायर नाही!"

आबा म्हणाले, "मग दिवे पेटतात कशावर?"

करंटची वायर होतीच. मी विषय बदलला.

गोरज मुहूर्त. पूनम मामाचा हात धरून आली. मी बटण दाबलं. अंधार झाला. लोक "अहाहा!" म्हणाले. मी सोनेरी उजेडाची वाट पाहू लागलो. लोकही. पूनमही.

तेवढ्यात भिंतीपलीकडे ढोल कडाडला आणि आमचं स्टेज हिरवं झालं! मग जांभळं. मग सगळे दिवे वेड लागल्यासारखे लखलखायला लागले. पूनमचं एक पाऊल दिसे, दुसरं गायब!

"जिजाजी!" तिनं हाक मारली. माइक नव्हता, तरी मला गेटपाशी ऐकू आली.

माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर मात्र सोनेरी उजेड फार सुंदर पडला होता.

सासूबाई धावत आल्या. घाबरल्या की त्या अहिराणीत शिरतात. "जवाईबापू, हाई काय शे? बठ्ठा लोके हासी ऱ्हायनात!"

"नेटवर्क, अक्का. होतंय, होतंय!"

मुहूर्त टळू नये म्हणून भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली. "शुभमंगल"ला पलीकडची वरात रंगात आली आणि "सावधान"ला अंतरपाट लालभडक! नवरदेवाची आजी डोळे गच्च मिटून खालीच बसली. आबा नानांवर कडाडले, "आम्ही लग्नाला आलो का तमाशाला?"

नानांनी हात जोडले. हात जोडलेले नाना मी पहिल्यांदाच पाहिले. हिरवे, निळे, लाल, सगळ्या रंगांत पाहिले.

भिंतीवरून पलीकडे नजर गेली. तिकडेही हिरवं, निळं, लाल, अगदी त्याच ठेक्यात. माझ्या डोक्यात उजेड पडला. (त्या संध्याकाळी माझ्यामुळे पडलेला एकमेव!) मी पलीकडच्या डीजेवाल्याकडे पळालो. त्याचं टेबल भिंतीला खेटून, आमच्या स्टेजच्या बरोब्बर मागे.

"ट्रान्समीटरचा रंग कोणता तुमच्या?"

"लाल. खोक्यातून तसाच आला. का?"

"बदला ना, पाया पडतो!"

"नवरदेव नाचतोय, भाऊ. मधेच कसा बदलू? तुम्हीच बदला."

माझे रिसीव्हर उंच खांबांवर होते; दुपारी ज्या शिडीवरून लावले, ती मांडववाला घेऊन गेला होता. शिडी लाइटवाल्याकडे असते, आणि लाइटवाल्याला मीच घालवलं होतं.

परत आलो तर नानांनी स्टेजकडचा मेन स्विच पाडलेला. जेवणाच्या बाजूला ट्यूबलाइट होत्या, सगळे तिकडे सरकले. जिलबीची कढई आणि पाण्याचे जार यांच्यामध्ये पूनमचं लग्न लागलं. मी लांबूनच अक्षता टाकल्या. त्या पाकात पडल्या. आचारी काय बोलला ते लिहिण्यासारखं नाही.

पाठवणीला पूनम सगळ्यांच्या गळ्यात पडून रडली. माझ्यासमोर आली, पदर सावरला आणि पुढे गेली. परतीच्या वाटेवर पारोळं आलं तेव्हा शुभांगी म्हणाली, "तिनं आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती तुमच्याकडे."

पुढच्या दिवाळीला आम्ही धुळ्याला गेलो. पूनमही आली होती. लग्नापासून ती माझ्याशी अवाक्षर बोललेली नव्हती. संध्याकाळी अंगणात पणत्या मांडताना तिनं वर न बघता एक पणती माझ्यापुढे सरकवली.

"लावा जिजाजी. हीसुद्धा वायरलेसच आहे."

अक्का हसल्या, शुभांगी हसली, नानासुद्धा हसले. मीही हसत काडी ओढली.

वारा अजिबात नव्हता. तरी विझली.