कापडाचं पोट

चेकिंगअक्का कुठलंही कापड सुलट्या बाजूनं आधी बघायची नाही. हातात घेतलं की पहिल्यांदा उलटं करायची. आमच्या फॅक्टरीतल्या एका मुलीच्या लग्नात बायका नवरीच्या शालूचं कौतुक करत होत्या, तर अक्कानं पुढं होऊन पदर उलटा केला, आतले धागे बोटानं चाचपले आणि मग म्हणाली, "चांगलाय." नवरीची आई वरमली. अक्काला त्यात वावगं काही वाटलं नाही. "वरून सगळंच बरं दिसतंय," ती म्हणायची, "दिसण्यासाठीच केलेलं असतंय ते. पोट बघावं." कापडाच्या आतल्या बाजूला ती पोट म्हणायची. हा शब्द या अर्थानं मी दुसऱ्या कुणाच्या तोंडी ऐकलेला नाही. पुढं त्याच शब्दानं तिचा घात झाला. शब्दानं म्हणणं खरं नाही. मी केला.

बोम्मसंद्र्याच्या त्या कपड्यांच्या फॅक्टरीत अक्का पुष्कळ होत्या. ही चेकिंगच्या टेबलाशी उभी असायची म्हणून चेकिंगअक्का. मूळची निपाणीची. नवरा गेल्यावर मुलीला घेऊन बेंगळुरूला आली आणि इथंच रुळली. सुपरवायझरशी कन्नड, माझ्याशी मराठी, आणि शर्टाशी बोलायची तेव्हा दोन्ही. मी पुण्याहून नवी आलेली, डिग्रीवाली ट्रेनी. पहिल्या दिवशी मी तिला "तुम्ही" म्हटलं, तर म्हणाली, "अक्का म्हणतेस आणि तुम्ही कशाला?" तेव्हापासून ती माझी "तू" झाली.

शिवण कशी ओढून बघायची, बटणामागचा दोरा कसा ओळखायचा, खिशावरच्या रेघा अंगाच्या रेघांना जुळतात का, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. अक्कानं शिकवलं. तिच्याकडं लाल बाणाच्या चिकटपट्ट्या असत. चूक दिसली की तिथं बाण चिकटवून तो नग दुरुस्तीला परत. एका लॉटमध्ये कॉलरचा रंग अंगापेक्षा फिका होता आणि तो माझ्या सहीनं पुढं गेला होता. चौकशी झाली तेव्हा मी गप्प उभी होते. अक्का शांतपणे म्हणाली, माझ्या टेबलावरून गेलाय तो, माझं लक्ष नव्हतं. तिला लेखी समज मिळाली. जेवणाच्या सुट्टीत मी रडायला लागले तर तिनं माझ्यापुढं चटणी सरकवली आणि म्हणाली, "स्वल्प जेव आधी."

दोन वर्षांनी माझी बदली मुख्य ऑफिसात झाली. सणावाराला फोन व्हायचे, मग तेही विरळ झाले. मी बढत्या घेत राहिले.

अशात इंटरनेटवर मराठीत एक पान चालू झालं. लिहिणारीचं नाव नव्हतं. कपडे घेताना फसू नये म्हणून काय बघावं, एवढाच विषय. त्यात लिहिलं होतं, की टॅगवर खोडलेली मोठी किंमत आणि खालची सवलतीची किंमत एकाच दिवशी, एकाच मशीनवर छापतात. मोठ्या किमतीला तो शर्ट कधी विकलेलाच नसतो. आतल्या शिवणीतल्या छोट्या लेबलवर एक नंबर असतो. दोन दुकानांत दोन नावांनी विकले जाणारे शर्ट, नंबर सारखा असेल तर एकाच टेबलावरून आलेले असतात, तेव्हा स्वस्तातला घ्या. कुणीतरी त्याचं कन्नड केलं आणि ते फोनाफोनांतून फिरलं. आमच्या कंपनीच्या दुकानांत बायका शर्ट उलटे करून नंबर वाचू लागल्या. सेल्समनना उत्तरं देता येईनात.

कंपनीनं आधी ते पान बंद करायला लावलं. आठवड्यात तोच मजकूर दुसरीकडं आला, मग तिसरीकडं. तेव्हा वकिलांनी ठरवलं, पानाच्या मागं न लागता लिहिणाऱ्याला गाठायचं. मूळ मजकूर मराठीत, आणि ऑफिसात मराठी वाचणारी मी एकटी. इंग्रजी भाषांतर माझ्याकडं आलं.

दुसऱ्याच परिच्छेदात वाक्य होतं: 'शर्ट घेण्याआधी त्याचं पोट बघा.'

मी ओळखलं. आणि मला भीती वाटायला हवी होती, तर आनंद झाला, कोडं सुटल्यावर होतो तसा. वकिलांनी मला फक्त भाषांतर मागितलं होतं. कुणाचं नाव विचारलं नव्हतं. कागद देताना मीच, आपली हुशारी दिसावी म्हणून, म्हणाले की ही भाषा निपाणीकडची आहे, बाई असावी, आणि चेकिंगला काम करणारी असावी. ते माझ्याकडं कौतुकानं बघत राहिले. खाली उतरेपर्यंत मला कळून चुकलं होतं की आपण काय बोललो. परत वर जाऊन शब्द मागं घेता आले असते. मी गेले नाही.

चेकिंगला निपाणीची बाई एकच होती.

तिला मुख्य ऑफिसात बोलावलं. इंग्रजी कागद तिला मराठीत समजावून सांगायला मला बसवलं. मी तिच्यासमोर बसून "तुम्ही" म्हणाले. तिनं एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि मग वकिलांकडं बघूनच बोलली.

"मी खोटं काय लिहिलंय, तेवढं सांगा."

मी इंग्रजीत सांगितलं. वकील म्हणाले, खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही, ही माहिती तिला नोकरीमुळं मिळाली, ती बाहेर देता येत नाही. मी ते मराठीत सांगितलं. कागदात माफी होती, राजीनामा होता आणि पुन्हा असं काही न लिहिण्याचं वचन होतं. अक्कानं कागद उलटा करून मागची कोरी बाजू पाहिली, कन्नडमध्ये "सरी", म्हणजे ठीक, म्हणाली आणि सही केली. तिच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं.

तीन महिने मी हिंमत गोळा करत होते. मग एका रविवारी सकाळी चंदापुऱ्याला तिच्या घरी गेले. दारात बांधलेली बोचकी होती. मुलगी सासरी गेलेली, अक्का भावाकडं निपाणीला निघाली होती. तिनं मला आत घेतलं, चहा टाकला. मला वाटत होतं ती रागावेल, निदान गप्प तरी बसेल. ती मात्र विचारत होती, भाषांतर इंग्रजीत कसं वाटलं, माझं मराठी शुद्ध नाही, तुला त्रास झाला असेल. मी म्हणाले, फार चांगलं लिहिलं होतंस. ते खरं होतं. एवढं सरळ गद्य मी पुष्कळ दिवसांत वाचलं नव्हतं.

कप ठेवून मी म्हणाले, "अक्का, माझ्यामुळं..."

तिनं पुढं बोलू दिलं नाही. माझा हात हातात घेतला.

"मला ठाऊक हाय. तुझ्यावर जोर केला असेल त्यांनी. नोकरी हाय, तू तरी काय करणार? सांगावंच लागलं असेल."

खरं सांगायला ती वेळ पुरेशी होती. बाहेर कुणी नव्हतं, चहा संपला होता, आणि ती माझ्याकडं मायेनं बघत होती. कुणी जोर केला नव्हता. कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

"हो अक्का," मी म्हणाले, "फार जोर केला."