समुद्राचा आंबटपणा

दर महिन्याला मी त्याच खडकावरून समुद्राचं पाणी बाटलीत भरतो आणि त्याचा आंबटपणा, म्हणजे आम्लता, मोजतो. गेली काही वर्षं तो किंचित वाढतोय. मला आधी यंत्राचा संशय आला, मग बाटल्यांचा, मग स्वतःच्या हाताचा. काल शेजारच्या खडकावर कालवं काढणाऱ्या पार्वतीकाकू काम थांबवून म्हणाल्या, "खरं सांगा, तुम्ही पाण्यात टाकता तरी काय?"

"टाकत नाही काही, काकू. तपासायला नेतो फक्त."

"मग हे असं का झालं?" त्यांनी एक कालव माझ्या हातावर ठेवलं. मी नुसतं दाबलं, तशी कवचाची कड तुटली. पाणी आंबट होत गेलं की कवचं अशीच ठिसूळ होतात. त्या समुद्राकडे वळल्या. जन्मभर ज्याच्यावर पोट भरलं, त्याच्याकडे कुणाला इतक्या संशयाने पाहताना मी कधी बघितलं नव्हतं. मीही तसाच पाहत होतो.