अण्णांची पलटण आणि माझी साफसफाई

आमच्या कॉम्प्युटरमधून मी कॉम्प्युटरच काढून टाकला होता.

त्याचं असं झालं. नव्वदच्या दशकात सांगलीत, विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत कॉम्प्युटर फक्त माझ्याकडे होता (त्यामुळे मी तज्ज्ञ होतो). त्यावर मी आमच्या वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, फौजेतल्या आठवणी टाइप करत होतो. अण्णा मूळचे दहिवडीकडचे, सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अख्खा पावसाळा ते सांगत होते आणि मी कीबोर्ड बडवत होतो. येत्या रविवारी त्यांचे पलटणीतले सोबती गावी जमणार होते. त्यांना या आठवणींची पुस्तिका वाटायची होती. मजकूर कागदावर नव्हता. फ्लॉपीवरही नव्हता, कारण फ्लॉपीला बुरशी लागते असं मी ऐकून होतो.

शेवटचं प्रकरण संपलं आणि डिस्कवरची जागाही संपत आली. मी साफसफाईला बसलो. ज्या फाइलींची नावं ओळखीची वाटेनात, त्या उडवल्या. त्यात ‘कमांड’ नावाची एक होती. घरात कमांड अण्णांची. मशीनची कशाला हवी?

दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ उमटली आणि मशीन तिथंच थिजलं.

“काय म्हणतंय?” अण्णांनी विचारलं.

“कमांड सापडत नाही म्हणतंय.”

“मग आता कमांड कुणाकडं हाय?”

अण्णांनी खुर्ची पुढे ओढली. “असू दे. परत सुरू करू. जन्मापास्नं.”

मी धावत जाऊन साताऱ्याला फोन लावला! माझी चुलत बहीण सुनंदा तिथं कॉम्प्युटर शिकवायची. ती म्हणाली, “दादा, हार्ड डिस्क घेऊन ये.” हार्ड डिस्क म्हणजे नेमका कुठला भाग, हे तज्ज्ञानं विचारायचं कसं? मी सगळंच उचललं: डबा, मॉनिटर, कीबोर्ड, माउस आणि (राहून जायला नको म्हणून) प्लास्टिकचं कव्हर.

एसटीत मॉनिटर अण्णांच्या मांडीवर, डबा माझ्या.

“टीव्ही बिघडलाय व्हय?” कंडक्टरनं विचारलं.

“टीव्ही न्हाई,” अण्णा म्हणाले. “डायवरला गाडी सावकाश घ्यायला सांगा. आत आमची अख्खी पलटण हाय.”

मग प्रत्येक खड्ड्याला सगळी गाडी श्वास रोखू लागली. पेठनाक्याला एका आजीबाईंनी डब्याला हात जोडले.

साताऱ्यात सुनंदानं सगळं जोडलं, स्वतःची फ्लॉपी घातली आणि मशीन तिच्यावर सुरू केलं. मग आमची डिस्क उघडली. पडद्यावर भराभर नावं सरकली. अण्णांची फाइल होती. अख्खी होती! तिनं पहिलं पान वाचायला घेतलं, तसे अण्णा उठून ताठ उभे राहिले. माझेही डोळे भरून आले.

सुनंदानं फाइल दोन फ्लॉप्यांवर उतरवली, उडालेली कमांड परत बसवली आणि म्हणाली, “झालं, काका. आता फाइलीला धोका नाही.”

“हाय की,” अण्णा माझ्याकडे बघत म्हणाले. “ह्यो अजून खोलीत हाय.”

मी चहा सांगायला बाहेर गेलो. चहा कुणीही मागितला नव्हता.