लागू नाही

मिस्त्रीने उभी हयात लोकांच्या घरात फरश्या बसवल्या, म्हणजे उभी हयात गुडघ्यांवर काढली. गुडघ्यांनी शेवटी हिशेब मागितला. आतलं हाड झिजलं आणि वरच्या कातडीवर सोरायसिसचे जाड, खवल्यांचे चट्टे धरले. पाय वाकवला की चट्टा फाटायचा आणि पँट रक्ताने चिकटायची. रोग गुडघे टेकल्यामुळे होत नाही, असं डॉक्टर म्हणाले. टेकल्याने वाढतो, एवढं मात्र त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं.

सरकारी दवाखान्यात या गुडघ्याची रीतसर वाटणी झाली होती. आतलं हाड तळमजल्यावरच्या हाडवाल्यांचं, बाहेरची कातडी दुसऱ्या मजल्यावरच्या कातडीवाल्यांची. सख्ख्या भावांतसुद्धा इतकी चोख वाटणी होत नाही. हाडवाले म्हणायचे, कातडी बरी झाल्याशिवाय आम्ही सुरी लावत नाही. कातडीवाले म्हणायचे, महागडी इंजेक्शनं फक्त ज्यांचं जगणं अडलंय त्यांना. जगणं किती अडलंय ते मोजायला एक प्रश्नावली होती. गुण भरले तर इंजेक्शनं आणि मग ऑपरेशन, नाहीतर मलम आणि गोळ्या.

मिस्त्रीला फार काही नको होतं. त्याला घरी जायचं होतं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गेल्या वर्षापासून तो इमारतीच्या तळाशी, पाण्याच्या पंपाशेजारच्या खोलीत झोपत होता. बायको डबा खाली आणायची. नात जिन्याच्या कठड्यावरून ओरडायची, ‘‘आबा, वर या ना!’’ आणि पंप सुरू झाला की तेही ऐकू यायचं नाही.

पहिल्या खेपेला त्याने स्वतःच माती खाल्ली. तळमजल्यावर प्रश्नावलीचा टॅब घेऊन बसलेल्या मुलीने विचारलं, ‘‘काका, गेल्या आठवड्यात गुडघे दुखले?’’

‘‘छे! चालतंय.’’

‘‘खाज? जळजळ?’’

‘‘किरकोळ.’’

इतकी वर्षं सकाळी ठेकेदार विचारायचा, काय मिस्त्री, तब्येत? दुखतंय म्हणणाऱ्याच्या जागी दुपारपर्यंत दुसरा माणूस फरशी घासायला बसलेला असायचा. समोर कुणी कागद किंवा यंत्र घेऊन उभं राहिलं, की मिस्त्रीची जीभ आपोआप ठणठणीत व्हायची.

त्याला मलम मिळालं.

‘‘रात्रभर पंपाच्या वर आवाज काढून कण्हता,’’ बायको कडाडली, ‘‘आणि तिथे जाऊन पैलवान झालात? लग्न जमवायला गेला होतात काय?’’

पुढच्या खेपेला ती बरोबर आली आणि त्याच्या कोपराला धरूनच बसली. मिस्त्रीनेही ठरवलं होतं, आज काहीच झाकायचं नाही.

‘‘जिना चढताना त्रास होतो?’’

‘‘मी चढतच नाही.’’

‘‘म्हणजे ‘लागू नाही’.’’ मुलीने बोट टेकवलं. ‘‘कामावर अडचण आली?’’

‘‘काम सुटलं.’’

‘‘लागू नाही. चट्ट्यांमुळे लोकांत मिसळताना संकोच वाटला?’’

‘‘मिसळतो कुठे? पंपाशी?’’

‘‘लागू नाही. घरच्यांशी जवळीक?’’

‘‘घरचे वर, मी खाली.’’

बोट पुन्हा त्याच जागी टेकलं. बायकोने वाकून पाहिलं. ‘‘ताई, त्या ‘लागू नाही’ला गुण किती?’’

‘‘शून्य, काकू.’’

मग मिस्त्रीचा आवाज चढला तो पार केसपेपरच्या रांगेपर्यंत गेला. ‘‘म्हणजे जिना सुटला म्हणून मी बरा? काम गेलं म्हणून बरा? उद्या मेलो तर तुमच्याकडे माझ्याइतका ठणठणीत माणूस नसेल!’’

शेजारच्या खोलीतले डॉक्टर बाहेर आले. प्रश्न तज्ज्ञांनी तपासून घेतलेत, म्हणाले. त्यात फेरफार करता येत नाही. ते चिडले नव्हते. त्यामुळे मिस्त्री आणखी चिडला.

निघताना मुलगी हळूच म्हणाली, ‘‘काका, प्रश्न फक्त मागच्या आठवड्याचे असतात. या आठवड्यात... चढून बघा. मग मला लिहिता येईल.’’

तिने भल्यासाठीच सांगितलं. दुखणं मोजायचं, तर आधी ते करून दाखवा.

मिस्त्री चढला. कठडा धरून, बसून, पुन्हा उठून. बायको मागून एकेका पायरीला दवाखान्याचा उद्धार करत होती. मजला बदलला की डॉक्टर संपून तज्ज्ञ सुरू व्हायचे. दार उघडलं तेव्हा दोन्ही चट्टे फुटले होते. नात पळत आली, रक्त बघून दारातच थबकली आणि आजीच्या मागे लपली. तो भिंतीकडे तोंड करून बसला. वर्षभर ज्या घरासाठी झुरला, त्यात तो नातीला भीती दाखवायला आला होता, आणि तेही गुणांसाठी.

रात्रीत गुडघे फुगले आणि उतरायची सोय राहिली नाही. बायकोने दवाखान्यात फोन लावला. रुग्ण समक्ष हवा, असं उत्तर आलं.

मग त्याचे जुने साथीदार आले. ग्रॅनाइटची लादी उतरवतात तसं, कोपरे सांभाळत, चौघांनी त्याला खुर्चीसकट खाली आणलं आणि टेम्पोतून थेट त्या मुलीपुढे ठेवलं.

‘‘जिना चढताना त्रास झाला?’’ तिने पँटवरच्या डागांकडे न बघता विचारलं. ‘‘अजिबात नाही, थोडा, बराच, खूपच?’’

‘‘खूपच. पुढचं काही आहे का?’’

‘‘नाही, काका.’’

‘‘मग तेवढंच लिही.’’

दुखणं, खाज आणि हा जिना मिळून गुण भरले. मुलीला खरंच आनंद झाला. ‘‘झालं काका! इंजेक्शनं मिळतील. फक्त कातडीच्या डॉक्टरांची सही लागेल, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट दुरुस्तीला आहे, पण...’’

एक साथीदार खुर्चीजवळ घाम पुसत उभा होता. त्याने विचारलं, ‘‘मिस्त्री, सहीचा कागद आम्हीच वर नेऊन आणू का?’’

‘‘कागद नाही,’’ मिस्त्री म्हणाला. ‘‘मला न्या. त्यांच्या वाट्याची कातडी त्यांच्या टेबलावर ठेवायचीय. उचला.’’