कंट्रोलताईंचे जावईबापू

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या आमच्या कंपनीत एकच माणूस असं आहे, जे लिफ्टमध्ये पाय ठेवत नाही. ते माणूस म्हणजे कंट्रोलताई. अर्ध्या शहरातल्या लिफ्ट या बाईंच्या शब्दावर चालू-बंद होतात आणि बाई स्वतः मात्र जिने चढतात. जिना गुडघ्यांना चांगला, असं त्या सांगतात. गुडघ्यांना विचारलं तर ते काही वेगळंच सांगतील.

मी तिथला स्टोअरवाला. माझ्या जाळीच्या खिडकीतून समोर त्यांचं टेबल दिसतं, त्यामुळे त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार माझ्याइतका दुसऱ्या कुणाला नाही. टेबलावर दोन फोन, एक कॉम्प्युटर, भिंतीवर शहराचा नकाशा आणि ड्रॉवरमध्ये लवंगा. फोन वाजला की "कंट्रोल" एवढंच म्हणायचं, अशी मालकांनी सुरुवातीला शिस्त लावली होती. बाकी सगळ्यांनी ती सोडली, ताईंनी धरून ठेवली, म्हणून हे नाव पडलं. त्यांच्या घरीसुद्धा फोन असाच उचलला जातो. त्यांचे यजमान म्हणतात, "कंट्रोल नावालाच, मसाला रोज जास्त पडतो."

काम सांगायला सोपं आहे. लिफ्ट अडकली की लोक फोन करतात आणि कोणता मेकॅनिक आधी कुठे जाणार हे ताई ठरवतात. फोनवरचा माणूस आरडाओरडा करत असला तर फक्त दार लागत नसतं, असा त्यांचा अनुभव. हळू आवाजात बोलत असला तर आत कुणीतरी अडकलंय. मेकॅनिक त्यांना टरकून असतात आणि सर्दी झाली की आधी त्यांनाच सांगतात. ती खुर्ची ताईंचा जीव की प्राण. मुलीच्या लग्नातसुद्धा त्यांनी मांडवाच्या मागे जाऊन एक कॉल सोडवला होता. विहीणबाई अजून ते ऐकवतात.

आणि ती खुर्चीच एक दिवस डळमळली. मालकांनी कारभार मुलीच्या हातात द्यायला घेतला. त्या धाकट्या मॅडम. पोरगी हुशार, बोलायला गोड, आणि कामाला वाघ. त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं की कोण कुठे जाणार, कुठला भाग कधी बदलायचा, हे निर्णय आता एआयच्या मदतीने घ्यायचे. ताईंनी ते शिकून घ्यावं. पहिली परीक्षाही ठरली. दाराच्या यंत्राचा एकच नवा सेट आला होता आणि दुसरा कधी येईल याचा पत्ता नव्हता. तो कोणत्या इमारतीत बसवायचा, हे ताईंनी एआयला विचारून ठरवायचं आणि का ते मॅडमना पटवून द्यायचं. नाही जमलं तर मॅडम दुसरं कुणी बघतील आणि ताईंना स्टोअरमध्ये हलकं काम देतील.

हलकं काम म्हणे. मी तिथेच जाळीमागे उभा होतो. स्टोअर ही शिक्षा आहे हे मला त्या दिवशी कळलं.

ताई जिद्दीच्या. दुसऱ्याच दिवसापासून नवीन चष्मा लावून बसल्या. पहिल्यांदा एआयला लिहिताना त्यांनी "आपली प्रकृती बरी असेल अशी आशा आहे" इथपासून सुरुवात केली. त्यानेही बरी आहे म्हणून कळवलं आणि ताईंची विचारली. मग त्यांनी विचारलं, आज पहिला मेकॅनिक कुठे पाठवू? त्याने ऐसपैस, गुळगुळीत उत्तर दिलं, आणि ज्या इमारतीबद्दल त्याला कुणी काही सांगितलंच नव्हतं तिच्याबद्दलही मत दिलं. ताईंनी चष्मा काढला. मला म्हणाल्या, हा तर नवा जावई. पहिल्यांदा सासुरवाडीला आलाय, त्यामुळे काही विचारा, माहीत नाही असं म्हणणार नाही. झालं, त्याचं नाव जावईबापू पडलं. मेकॅनिक फोन करून विचारायला लागले, जावईबापूंचं आज काय म्हणणं आहे?

मॅडम हसल्या, पण त्यांनीच ताईंना युक्ती सांगितली. नुसतं उत्तर मागू नका, प्रत्येक वेळी विचारा, हे कशावरून म्हणतोस? आणि तुला काय माहीत नाही, तेही विचारा. ताईंना हे लगेच पटलं. आयुष्यभर त्यांनी मेकॅनिकांना दुसरं काय विचारलं होतं? कशावरून म्हणतोस मोटर गेली? बघितलीस का, की वास घेतलास? त्या दिवसापासून दोघांचं जमलं. सगळ्या जुन्या तक्रारी त्यांनी त्याला वाचायला दिल्या. मध्येच त्याला दटावायच्या, मध्येच शाबासकी द्यायच्या. मी खिडकीतून बघायचो आणि मनात म्हणायचो, गेली ही बाई. खरं सांगायचं तर मला थोडा मत्सरही वाटायचा. पूर्वी मधल्या वेळेत त्या माझ्याशी बोलायच्या.

मग जावईबापूंनी निकाल दिला. नवा सेट कालव्याजवळच्या पिवळ्या इमारतीत बसवा. दाराच्या सगळ्यात जास्त तक्रारी तिथल्या. मॅडमना आनंद झाला, त्यांनी लगेच सेट काढून ठेवायला सांगितला. मी तो पुसूनही ठेवला. ताईंनी मात्र लवंग दाढेखाली धरली. असं केलं की समजायचं, काहीतरी टोचतंय.

त्यांना टोचत होतं ते एवढंच, की दार इतकं वाईट आहे तर तिथे कुणी कधी अडकलं कसं नाही? त्यांनी जावईबापूंना विचारलं, कशावरून म्हणतोस? त्याने सरळ सांगितलं. सगळ्या तक्रारी वरच्या मजल्यावरच्या एकाच घरातून येतात, बहुतेक दुपारी येतात, आणि प्रत्येक वेळी मेकॅनिकने "दार नीट केलं" अशी नोंद केली आहे. एकच घर का, हे मला माहीत नाही, असंही तो म्हणाला. ताई उठून माझ्या खिडकीशी आल्या.

"पिवळ्या इमारतीला तुमच्याकडून कधी काही गेलंय?"

मी आठवलं. स्क्रूसुद्धा गेला नव्हता. कुठल्याही मेकॅनिकने त्या इमारतीसाठी माझ्याकडे कधी हात पसरला नव्हता, आणि आमचे मेकॅनिक तर गरज नसताना हात पसरणारे. ताईंनी पर्स उचलली. इतक्या वर्षांत तक्रारीच्या जागी त्या स्वतः कधी गेल्या नव्हत्या. मीही कुलूप लावून निघालो, कारण एकट्या बाईमाणसाला पाठवणं बरं दिसलं नसतं, आणि मला बघायचंही होतं.

इमारत जुनी, पण नीट ठेवलेली. लिफ्टचं दार मी उघडून बघितलं, लावून बघितलं. लोण्यासारखं सरकत होतं. मी वर लिफ्टने गेलो आणि तक्रारी येणाऱ्या घराच्या दारापाशी उभा राहून ताईंची वाट बघितली. त्या जिन्याने आल्या, कठड्याला धरत, कुणालातरी पुटपुटत शिव्या देत. मलाच असणार.

दार एका म्हाताऱ्या गृहस्थांनी उघडलं. रिटायर झालेले गणिताचे सर. खोलीत पुस्तकं, खिडकीशी दोन खुर्च्या आणि मध्ये बुद्धिबळाचा पट. एका खुर्चीत आमचे मामा बसले होते. मामा म्हणजे आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक, ज्यांना कंपनीत कुणी उलटून बोलत नाही. हातात घोडा धरून ते तसेच थिजले. बाजूला त्यांचा जेवणाचा डबा उघडा होता. ताईंना बघून मामांचं तोंड एवढंसं झालं.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सरांची बायको गेली, मुलं दूरच्या देशात. एकदा खरोखर दार अडकलं होतं, तेव्हा मामा आले आणि जाता जाता एक डाव खेळले. मग सरांना सवय झाली. दुपार खायला उठली की ते फोन करायचे. मेकॅनिक आळीपाळीने यायचे. जिन्यात बसून जेवण्यापेक्षा इथे पंखा होता, पाणी होतं, खेळ होता. कॉल बंद करताना यादीतून काही कारण निवडावंच लागतं, त्याशिवाय कॉम्प्युटर पुढे जाऊ देत नाही. यादीत पहिलंच होतं "दार नीट केलं". सगळे तेच निवडायचे. दुसऱ्याचं माहीत असूनही सगळे मूग गिळून बसले होते.

ताई सरांना म्हणाल्या, दाराची तक्रार होती ना? सर जराही गडबडले नाहीत.

"दार उत्तम आहे हो. दुपारी बोलायला कुणी नसतं. बाकीच्या ठिकाणी फोन केला की गाणं वाजत राहतं. तुम्ही पहिल्या घंटीला उचलता."

ताईंनी मामांना आधी डबा संपवायला सांगितलं. ही गोष्ट नोंद करण्यासारखी आहे.

परत येताना आम्ही बसस्टॉपपर्यंत चालत निघालो. ताईंच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. खरं सांगितलं तर मामांसकट सगळ्यांची चंपी होणार, आणि सरांच्या दुपारी पुन्हा रिकाम्या. ताईंच्या डोळ्यांदेखत हे सगळं चाललं होतं, म्हणजे त्यांचीही शोभाच होणार. खुर्ची गेलीच म्हणायची. नाही सांगितलं तर एकुलता एक सेट चांगल्या दारावर बसणार आणि परीक्षा पास. मी म्हणालो, गप्प बसा ना, कुणाला कळतंय? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढचा रस्ता मी दोन पावलं मागून चाललो.

ऑफिसात आल्यावर त्या जावईबापूंसमोर बसल्या. लिहिलं, पिवळ्या इमारतीच्या तक्रारी खोट्या आहेत, त्या काढून टाक आणि पुन्हा बघ. आणि नुसत्या तक्रारी मोजू नकोस, माणूस आत अडकलं होतं का तेही बघ. आता त्याने दाताच्या दवाखान्याची इमारत सांगितली. तिथून फोन क्वचित यायचा, पण जेव्हा यायचा तेव्हा दार बंद आणि आत पेशंट. ताईंनी मान हलवली. ते हळू आवाजातले फोन त्यांना आठवत होते. मग त्यांनी आणखी एक प्रश्न विचारला, जो त्यांना कुणी विचारायला सांगितला नव्हता. दुपारी मोकळ्या असलेल्या मेकॅनिकने कुठे थांबावं, म्हणजे पुढच्या कॉलला लवकर पोचेल? जावईबापूंनी नकाशा मांडला. आमचं ऑफिस शहराच्या एका टोकाला. मधोमध म्हणावी अशी जागा कालव्याजवळच निघाली, पिवळ्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. हे बघून मी जाळीमागे मोठ्याने हसलो, पण ताई हसल्या नाहीत. त्यांनी याबद्दलही त्याला विचारलं, कशावरून?

दुसऱ्या दिवशी त्या मॅडमच्या केबिनमध्ये गेल्या आणि सगळं सांगितलं. काचेचं दार असल्याने मला ऐकू येत होतं, मी काही मुद्दाम गेलो नव्हतो. मॅडम आधी तापल्या. कोणकोण होते, त्यांनी नावं विचारली. ताई म्हणाल्या, सगळेच, आणि कॉल मीच देत होते, तेव्हा माझ्यापासून सुरुवात करा. जावईबापूंचं काही चुकलेलं नाही, असंही त्या म्हणाल्या. आपण त्याला खोटं शिकवलं आणि तो ते मन लावून शिकला. मग त्यांनी दवाखान्याचं सांगितलं, आणि दुपारच्या थांब्याचं. सरांना विचारून तिथेच मेकॅनिकांची जेवणाची जागा करावी, नोंदीत जेवण म्हणून लिहावं. यादीतही "काही बिघाड नव्हता" असं एक कारण वाढवावं, म्हणजे कुणाला खोटं लिहावं लागणार नाही.

मॅडमनी ताईंनी आणलेल्या नकाशावर पिवळ्या इमारतीपाशी बोट ठेवलं. कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या. शेवटी त्यांनी कॉम्प्युटर ओढला. सेट कुठे बसवायचा हे भरलं, का ते भरलं, आणि एका रकान्याशी थांबल्या.

"इथे निर्णय कोणाचा ते लिहायचंय. एआयचा लिहू का तुमचा?"

"माझा लिहा. उद्या चुकलं तर लोक त्याला काय बोलणार? मला चार शब्द ऐकवता तरी येतील."

मॅडमनी ताईंचं नाव लिहिलं. सेट दवाखान्यात बसला. मामा रोज दुपारी वाजतगाजत पिवळ्या इमारतीत जेवायला जातात आणि सरांकडून हरून येतात. मला वाटलं होतं, चला, मिटलं. पण आठवड्याभरातच पिवळ्या इमारतीचे सेक्रेटरी तणतणत आले. आमच्या इतक्या तक्रारी असताना नवा सेट दवाखान्याला का दिला, कुणी ठरवलं हे? मी घाबरून त्यांना मॅडमच्या केबिनकडे वळवायला लागलो, तेवढ्यात ताईंनी हात केला. मी त्यांना इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. त्यांनी त्या गृहस्थांना खुर्ची दिली, पाणी दिलं, दोन्ही फोन बाजूला सरकवले आणि म्हणाल्या, "बोला. मी ठरवलं."