शेवटचे दोन शब्द सुयोगचे

सुयोग मेस्त्रीला तुम्ही ऐकलंय, फक्त ते तुम्हाला माहीत नाही. वाकोल्याच्या 'खटका'चं कुठलंही रॅप लावा. खटका म्हणजे कृणाल, ज्याचे फोटो हल्ली मॉलच्या भिंतीवर तीन मजले उंच लागतात. तो सुसाट ओळ फेकत जातो आणि ओळीच्या टोकाला दोन शब्द जाड आवाजात धाडकन पडतात. ते दोन शब्द सुयोगचे. तेवढ्यात खटका दम भरून घेतो आणि पुढची ओळ घ्यायला मोकळा होतो. लोकांना वाटतं, ही सगळी मशीनची करामत. मशीन कसलं, तेहतीस वर्षांचा मरोळचा माणूस आहे तो, आणि गेली सात वर्षं कृणालच्या मागे दोन पावलं डावीकडे उभा राहतोय.

सुरुवात दोघांनी बरोबरीने केली होती. कॉलेजच्या कट्ट्यावर दोघेही लिहायचे, दोघेही बोलायचे, आणि खरं सांगायचं तर सुयोग अंमळ जास्तच चांगलं लिहायचा. पहिल्या मोठ्या कार्यक्रमात कृणालला धाप लागली. ओळ अर्ध्यावर सुटणार म्हणताना मागून सुयोगने टोक पकडलं. लोक खूश झाले. पुढच्या वेळी तसंच केलं, त्याच्या पुढच्या वेळीही, आणि बघता बघता एकाची धाप दुसऱ्याची नोकरी होऊन बसली. सुयोगने स्वतःला 'रंधा' असं नाव घेतलं होतं. घराणं सुतारांचं, म्हणून. त्या नावाने त्याला हाक मारणारा अजून कुणी जन्माला यायचा होता.

दिवसा तो अंधेरीत गाडी शिकवतो. शिकाऊ गाडीत डाव्या सीटपुढेही ब्रेक असतो, माहीत असेल तुम्हाला. स्टिअरिंग शिकणाऱ्याच्या हातात, ब्रेक सुयोगच्या पायाखाली. म्हणजे दिवसा काय आणि स्टेजवर काय, याची जागा डावीकडचीच, आणि काम दुसऱ्याचं धडकणं वाचवायचं. याचं त्याला वाईट वाटायचं का? वाटायचं. पण तो रडत बसणारा नव्हता. रोज दुपारी डबा खाऊन झाला की गाडीत बसून वहीत चार ओळी लिहायचाच. सात वर्षांत पाच वह्या भरल्या.

संधी आली तीही कशी, ते बघा. मुलुंडला एका कॉलेजच्या मैदानावर कार्यक्रम ठरला. कृणालने फोन केला, "मध्ये मला जॅकेट बदलायचंय रे. तीन मिनिटं लागतील. तेवढ्यात तुझं काहीतरी कर ना."

दुसरा कुणी असता तर अपमान वाटून घेतला असता. सुयोगने एवढंच विचारलं, "माझं म्हणजे पूर्ण माझं?"

"पूर्ण तुझं, यार. वीस दिवस आहेत."

तो दुसऱ्याच दिवशी मालाडला रश्मीच्या स्टुडिओत गेला. रश्मी म्हणजे कृणालची गाणी रेकॉर्ड करणारी, कानाने तिखट आणि तोंडाने त्याहून तिखट. सुयोगने वहीतलं सगळ्यात लाडकं गाणं काढलं आणि माइकसमोर उभा राहिला. चार वेळा म्हटलं. रश्मीने हेडफोन काढून ठेवले.

"सुयोग, तू ओळ सुरू करताना श्वास घेत नाहीस."

"मग कधी घेतो?"

"ओळीच्या मध्ये. कृणाल बोलत असतो तेव्हा तू घेतोस ना, तिथेच. इथे तर कृणाल नाहीये. म्हणून तुझी प्रत्येक ओळ मध्येच तुटते, आणि शेवटचे दोन शब्द तेवढे दणक्यात येतात." तिने वही ओढून घेतली. "आणि लिहिलंयस पण तसंच. 'काय सांगू मित्रा तुला, आलाय रंधा मरोळचा.' ही सुरुवात आहे? 'काय सांगू', 'असं आहे की', 'बघ ना यार'. सगळ्या ओळींचं अर्धं अंग रिकामं. ते तू दुसऱ्या कुणासाठी सोडून ठेवलंयस."

सुयोगने पाचही वह्या घरी जाऊन उघडल्या. बाईचं खरं होतं. पाच वह्यांत एक ओळ धड सुरू होत नव्हती. आपल्याला कुणी पुढे येऊ देत नाही, असं तो सात वर्षं समजत होता, आणि इथे त्याचा स्वतःचा हातच मागच्या जागेवरून लिहीत होता. त्याला भीती वाटली. मुलुंडच्या मैदानावर तीन-चार हजार पोरांसमोर ओळी अशाच तुटल्या तर पुन्हा कुणी तीन मिनिटं देणार नव्हतं, आणि पुन्हा मागायची त्याची छातीही झाली नसती.

त्याचे वडील बळवंतराव तेव्हा समोर बसून वाल सोलत होते. गिरणीतली नोकरी गेल्यावर मरोळच्या एका कारखान्यात खोकी बांधून त्यांनी संसार ओढला. पण मालवणी मंडळींत त्यांची ओळख वेगळी. डबलबारीच्या भजनात, म्हणजे दोन बुवा समोरासमोर बसून एकमेकांना गाण्यातून टोले देतात त्या सामन्यात, ते चाळीस वर्षं एकाच बुवांच्या मागे कोरसला बसले. बुवा ओळ टाकणार, कोरस ती उचलणार.

पोराने सांगितलेलं सगळं त्यांनी ऐकून घेतलं. मग वालाची परात बाजूला सरकवली.

"मुलुंडाकच एकदा बारी होती," ते म्हणाले. "भर रंगात बुवांचो गळो बसलो. पेटी माझ्याकडे सरकवल्यानी, म्हणाले, घे बळवंता. ओळ माका पाठ. शंभर वेळा उचललेली. आणि मी वाट बघीत रवलंय."

"कसली वाट?"

"कोणतरी ओळ सुरू करीत म्हणान." त्यांनी हात झटकले. "कोण करतलो? पेटी माझ्याच पुढ्यात होती. लोक हसले. ता हसणा अजून कानात आसा माझ्या."

ही गोष्ट त्यांनी आजवर घरात कुणाला सांगितली नव्हती. बळवंतरावांनी उठून बिस्किटांचा रिकामा डबा आणि एक चमचा आणला.

"म्हण. अर्ध्यात दम घेतलंस की मी वाजवतलंय."

त्या दिवसापासून मेस्त्र्यांच्या घरात रोज संध्याकाळी तासभर डबा वाजू लागला. पहिल्या आठवड्यात तो इतका वाजला, की शेजारच्यांनी विचारपूस केली, घरात काही पूजा वगैरे आहे का. सुयोगने ओळीही पालटल्या. शेपटीला बांधलेले वजनदार शब्द उचलून तोंडाशी आणले. 'काय सांगू मित्रा तुला' खोडून 'रंधा मरोळचा' पहिला लिहिला. एकेक ओळ अशी उलटी करताना त्याला घाम फुटायचा, कारण दुसरा अर्धा भाग आता खरोखर भरावा लागत होता. शिकाऊ गाडीत सिग्नलला थांबला तरी ओठ हलत. एका काकूंना वाटलं, सर आपल्या ड्रायव्हिंगला घाबरून देवाचं नाव घेतायत. अठराव्या दिवशी तीन मिनिटांत डबा फक्त एकदा वाजला.

मुलुंडचा कार्यक्रम संध्याकाळी सहाचा. बळवंतराव इस्त्रीचा सदरा घालून तिसऱ्या रांगेत, अवतीभवती नाचणाऱ्या पोरांच्या मधोमध खुर्ची धरून बसले होते. पाच गाणी झाली. कृणाल म्हणाला, "आता माझा भाऊ," आणि जॅकेट बदलायला आत गेला.

सुयोग दोन पावलं पुढे आला. तिथून मैदान भलतंच मोठं दिसत होतं. ठेका सुरू झाला. आठ ठोके मोकळे, नवव्याला तोंड उघडायचं, हे ठरलेलं. नववा आला आणि गेला. दहावा गेला, अकरावा गेला. सुयोग माइक धरून उभा, मान किंचित उजवीकडे वळवून, जशी तो सात वर्षं वळवत आला होता. तो वाट बघत होता. तिसऱ्या रांगेत बळवंतरावांनी डोळे मिटून घेतले.

आतून कृणालने ते पाहिलं. माणूस वाईट नाही तो. जॅकेटचा एक हात घातलेला, एक लोंबकळतोय, तशा अवस्थेत तो धावत बाहेर आला. स्टुडिओत सुयोगचा सराव ऐकून ऐकून गाणं त्याला पाठ झालं होतं. पहिली ओळ सुरू करून द्यायला त्याने माइक तोंडाशी नेला.

ते सुयोगला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं. आता कृणाल सुरू करणार, आपण टोक पकडणार, सगळं झकास पार पडणार, लोक टाळ्या वाजवणार, आणि हेही गाणं खटक्याचं होणार. पोटाच्या तळापासून त्याने श्वास घेतला.

"रंधा मरोळचा, सात वर्षं मागे उभा, आज फळी माझी.
गाठ दिसू दे कुठे, तासतो मी, ही सवय बापाची."

ओळ तुटली नाही. कृणालचा माइक वरच होता. प्रेमापोटी म्हणा की राहवेना म्हणून म्हणा, दुसऱ्या ओळीच्या शेवटी त्याने "बापाची" म्हणून टोक पकडायला पाहिलं, आणि चांगला अर्धा ठोका उशिरा पडला. ते काम वाटतं तेवढं सोपं नाही. सुयोगने मागे न बघता डावा पंजा वर केला. आपला दम शाबूत असला की कृणालच त्याला गप्प राहायची ही खूण करायचा. कृणालने माइक खाली घेतला. पुढची ओळ न् ओळ सुयोगने एकट्याने सुरू केली आणि एकट्याने संपवली. एके ठिकाणी श्वास मध्येच घेतला गेला, पण तो थांबला नाही. शेवटी मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "रंधा, अजून एक."

अजून एक तयार नव्हतं. तो दोन पावलं मागे गेला आणि उरलेली चार गाणी खटक्याची टोकं पकडत राहिला, नेहमीसारखी, अचूक.

परतताना बापलेक रिक्षात बसले. कांजूरच्या सिग्नलला रिक्षा थांबली.

"एकदा चुकलंस," बळवंतराव म्हणाले.

"कळलं तुम्हाला?"

"चाळीस वर्षां दुसऱ्याचो दम मोजलंय. माका नाय कळाचो तर कोणाक?" मग रस्त्याकडे बघत, "पण सुरू केलंस."

रिक्षा पवईच्या चढाला लागली. बळवंतरावांनी घसा साफ केला, मांडीवर दोनदा थाप मारली, आणि मुलुंडच्या त्या बारीत जी सुटली होती ती गजराची ओळ मोठ्याने धरली. पट्टी जरा वर लागली, आवाज कापला, तरी त्यांनी ती सोडली नाही. सुयोगने मध्ये तोंड उघडलं नाही. वाट बघणं त्याला चांगलं येत होतं. ओळ टोकाला आली तेव्हा शेवटचे दोन शब्द त्याने वडिलांच्या मागून जाड आवाजात टाकले, आणि तेवढ्यात दम भरून बळवंतरावांनी दुसरी ओळ सुरू केली.