रिकामी होण्याआधीची खुर्ची

बोरसेसाहेब गेल्याचा फोन आला तेव्हा मी पलसाण्याला मिलमध्ये, त्यांच्याच केबिनमध्ये होते. दुपारी सुरतेत, पांडेसऱ्याच्या घरी जेवून ते जरा आडवे झाले आणि उठलेच नाहीत. फोनवर त्यांच्या पत्नी, शोभाकाकू, रडत नव्हत्या. "पोरी, तू त्यांच्या खुर्चीवर बसलीस ना?" एवढंच त्यांनी विचारलं. मी खरंच बसले होते. साहेबांनी सकाळी फोन करून तसं बजावलं होतं, "आज माझ्या जागेवर बस, बाजूला नको." का, ते मी विचारलं नव्हतं...

मधुकर बोरसे अमळनेरकडचे. ऐन तरुणपणी सुरतेला आले आणि कापड रंगवण्याच्या आमच्या प्रोसेस हाऊसमध्ये माणसं नेमण्याचं काम करता करता म्हातारे झाले. कामगारभरती ते दुसऱ्यांवर सोपवायचे. स्वतः बघायचे ती वरची माणसं : कलर मास्तर, बॉयलरचा इंजिनिअर, लॅबचा केमिस्ट. इतर ठिकाणी मास्तर सोडून गेला की शोधाशोध सुरू होते आणि मग जो कुणाला नको असतो तोच हाती लागतो. साहेब म्हणायचे, "चांगला माणूस कुठंतरी कामात असतो. त्याला तिथून निघायला वेळ लागतो. दिवाळीनंतर तो आपल्याकडे हवा असेल, तर श्रावणात त्याच्याशी बोलणं झालेलं पाहिजे." इथवर हे कुणालाही पटेल. पण साहेब शोध सुरू करायचे तेव्हा मिलमधल्या कुणाच्या जाण्याची चिन्हंही नसायची.

आमचे जुने कलर मास्तर जीवराजभाई चांगले धडधाकट होते. तरी साहेबांनी इचलकरंजीहून दुसरा मास्तर आणला. जीवराजभाई संतापून केबिनमध्ये आले. "बोरसे, मारी मरवानी राह जुए छे?" माझ्या मरणाची वाट बघतोस का, असा सरळ सवाल. साहेब मान खाली घालून म्हणाले, "नव्या माणसाला तुमच्या हाताखाली शिकू द्या, मास्तर. माझ्यासाठी." जीवराजभाईंनी त्याला शिकवलं, आधी कुरकुरत, मग जीव लावून. दिवाळीला ते गावी गेले आणि तिथेच, अंगणात बोलता बोलता, संपले. त्यानंतर मिलमध्ये बाहेरचा कुणी माणूस साहेबांना भेटायला आला की मोठमोठे अधिकारी आपापल्या खुर्चीकडे बघायचे. कँटीनमध्ये साहेबांच्या टेबलावर कुणी बसेना. खरं तर साहेबांनी ज्यांच्या जागी माणसं आणली, ते सगळेच काही मेले नव्हते. कुणी नोकरी बदलली, कुणी मुलाकडे परदेशी गेला. पण लोकांच्या लक्षात राहिली ती मेलेलीच.

हे सगळं साहेबांना छळत असणार. कारण एकदा त्यांनी शोधायचंच नाही, असं ठरवलं. पाळी बॉयलरचे इंजिनिअर गोहिल यांची होती, आणि ते त्यांचे जवळचे मित्र. "मी माणूस आणला नाही तर कदाचित तो राहील, असं वाटलं गं मला," साहेबांनी मला सांगितलं. गोहिल राहिले नाहीत. त्यांच्या मागे बॉयलर कच्च्या माणसाच्या हाती आला आणि एका फिटरचा हात वाफेनं भाजला. साहेब कित्येक दिवस त्या फिटरच्या उशाशी बसत. पुढे त्यांनी कधी टाळाटाळ केली नाही.

"पण तुम्हाला कळतं कसं?" मी विचारलं होतं. साहेबांनी समोरची फाईल मिटली. "कळत काही नाही. समोरचा माणूस बोलत असतो आणि मला त्याच्या तोंडून दुसऱ्याचाच आवाज ऐकू येतो. न भेटलेल्या माणसाचा, पुढे त्याच्या जागी येणाऱ्याचा. मग त्या आवाजाला शोधत बसायचं... जाणारा मरणार की नुसता जाणार, ते मात्र आवाज सांगत नाही."

साहेबांच्या हाताखालच्या जागेसाठीची माझी मुलाखत मला तेव्हा आठवली. त्यांनी मला कामाचं काहीच विचारलं नव्हतं. डोळे मिटून मला माझ्या गावाविषयी बोलायला लावलं, आणि मध्येच "हं, तूच," म्हणून पाणी मागवलं. मिलचे मालक, शेठ, वैतागले होते, "बोरसेभाई, शी उतावळ छे?" घाई कसली, तुम्ही तर आहात! साहेब हसले होते.

तेराव्याला मी पांडेसऱ्यात काकूंकडे गेले. "बस आठे," इथं बस, असं अहिराणीत म्हणत त्यांनी मला जवळ बसवलं. म्हणाल्या, "मागच्या उन्हाळ्यात एक दिवस हे जेवताना बोलता बोलता थांबले. म्हणे, मी बोलतोय आणि मला एका मुलीचा आवाज ऐकू येतोय, घसा बसल्यासारखा. तू पहिल्यांदा घरी आलीस आणि दारातून 'काकू' म्हणालीस, तेव्हाच मला समजलं." मग त्या उठल्या आणि मला वाढायला लागल्या. मला आणताना साहेब आपलीच जागा रिकामी करत होते, हे त्यांचं त्यांना ठाऊक होतं आणि तरी ते मला रोज शेजारी बसवून, हसतखेळत सगळं शिकवत राहिले.

केबिन आता माझी आहे. परवा लॅबच्या प्रमुख हेतलबेन समोर बसून मुलीच्या साखरपुड्याचं सांगत होत्या. त्यांचे ओठ हलत होते, आणि आवाज कुणा दुसऱ्याच बाईचा येत होता, जाड, थोडा थांबत थांबत बोलणारा. मी त्यांना मध्येच तोडलं नाही. सगळं ऐकून घेतलं, आणखी एक चहा पाजला आणि म्हटलं, "बेन, उद्यापासून रजा घ्या. मुलीबरोबर खरेदीला जा, घाई करू नका." त्या खूश होऊन गेल्या.

दार लावून मी बडोद्याच्या एका केमिस्ट बाईंना फोन लावला. नुसतं नाव ऐकलं होतं त्यांचं. बराच वेळ रिंग वाजली. त्यांनी उचलू नये, असंच वाटत होतं मला. मग पलीकडून "बोला..." ऐकू आलं.

आवाज तोच होता.